भुईला भार

एकूण अकरा. त्यातलं उडतं एकच.
बाकीची दहा कुणी पंखांविना, कुणी शेपटीविना.
एकाचं इंजिन बटाट्याच्या खोक्यात सुटं पडलेलं,
खोक्यावर खडूने, एवनच्या अक्षरात : “नंतर”.

एवनला जाऊन तीन हिवाळे झाले.
हँगर माझ्या नावावर झाला
आणि त्याबरोबर छपराचे चारशे बारा पत्रे,
दक्षिणेकडचे सगळे सडलेले.
अंटार्क्टिकाहून निघालेला वारा
साउथलंडात पोचेपर्यंत त्याला अडवायला समुद्रात काहीच नाही,
मग पहिला आमचाच पत्रा.

विम्याचा हप्ता यंदा विमानांहून जड.
वेलिंग्टनहून तपासनीस आला,
बिचारा चांगला माणूस, बूट पुसून आत शिरला.
मडकं घेताना वाजवून बघावं
तसं त्याने लाकूड बोटाने वाजवलं, कान लावून ऐकलं.
“डिंक ऐंशी वर्षांचा आहे, मिसेस गिलख्रिस्ट.”
मी म्हटलं, मी चौऱ्याहत्तरची आहे. चहा घेणार?

पंखावर कापड शिवायला दोघं लागतात.
मधे पंख उभा, एक अलीकडे, एक पलीकडे,
हातभर सुई, मेण लावलेला दोरा.
मी टोचायची, तो ओढून घ्यायचा,
फळीला वळसा घालून सुई परत पाठवायचा,
चार-चार बोटांवर एक गाठ.
सत्तेचाळीस वर्षांतली आमची निम्मी भांडणं
त्या कापडाच्या आरपार झाली,
एकमेकांचं तोंड न बघता.

आता पलीकडे मेरेआना असते,
दर गुरुवारी, शाळा सुटल्यावर.
सुई फार जोरात पाठवते.
माझ्या अंगठ्यावर तिची पाच भोकं आहेत.
मी बोलत नाही. बाकीच्या मदतनीसांत
सगळ्यात तरुण डोनाल्ड, वय बहात्तर,
त्याला शिडी चढायची डॉक्टरांची मनाई.

मागच्या रविवारी सात माणसं आली.
एका मुलाने प्रत्येकापुढे थांबून विचारलं : हे उडतं?
नाही. हे? नाही. हे?
त्या पिवळ्याच्या पोटात आम्ही खत भरायचो, मी सांगितलं,
आता तिथे उंदीर राहतात.
उंदीर त्याला सगळ्यात जास्त आवडले.

मग मेलबर्नच्या एका गृहस्थाचा फोन.
मालट्रकांचा धंदा, आवाज मऊ.
त्याला हवं होतं ते उडणारं, रुपेरी, दोन मजली पंखांचं.
आकडा ऐकला, फोन टेबलावर ठेवला,
दूध उतू जात होतं, ते उतरवलं,
मग परत उचलला.
पूर्ण छप्पर आणि दोन वर्षांचा विमा. वर थोडे.

उडतं ते विकून
न उडणाऱ्यांच्या डोक्यावर पत्रे घालणारी बाई
या जिल्ह्यात मी पहिलीच असेन.
खायला काळ आणि भुईला भार, असं कुणाला म्हणतात?
माझ्याकडे ते शब्दशः दहा आहेत.
डोनाल्ड पंधरा दिवस बोलला नाही,
फक्त स्पॅनर मोजत बसला.

न्यायला वैमानिक आला तो जेमतेम तिशीचा.
पंखा मीच फिरवला, तिसऱ्या झटक्याला पेटला.
मेंढ्या पांगल्या. चाकांनी दवात दोन रेघा काढल्या
आणि एका जागी त्या संपल्या.
ड्युनेडिनला त्याचे पंख उतरवून
कंटेनरात घालतील, हे मला ठाऊक होतं.
बघताना मी ते विसरले.

त्याच्याखालचा तेलाचा ट्रे अजून तिथेच आहे.
सकाळी उठून बघते. कोरडा.
गळत होतं तेव्हा किती शिव्या दिल्या मी.

पत्रे बदलणारे आले, गेले. आत आता पाऊस फक्त ऐकू येतो.
काल मेरेआनाने खोक्यावरचं वाचलं,
पंखापलीकडून विचारलं,
“नंतर म्हणजे कधी?”
सुई अंगठ्यात घुसली. सहावं भोक.
मी म्हटलं, आधी हळू टोचायला शिक.
मग म्हटलं, शनिवारी येतेस का?